भाऊंचे सहा दिवे

काम झालं, बटण दाबलं, दिवा लागला, तरी भाऊ उठत नसत. तिथेच बसून राहत. वीसेक मिनिटांनी बटण बंद करायचे आणि वायरीच्या एकेका जोडाला उलटा हात लावायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा. "ताप पायतो," म्हणायचे. जोड थंड निघाला की "बरा हाय," आणि मग चहा. ताप पाहिल्याशिवाय त्यांनी कुणाकडे चहा घेतल्याचं मला तरी आठवत नाही.

अहेरीच्या बाजारओळीत त्यांचं मोटारी दुरुस्तीचं दुकान होतं. शेतातला पंप जळला की लोक तो भाऊंकडे घेऊन यायचे. असा माणूस तुमच्याही गावात असेल. भोवती चार मोटारी पोट उघडून पडलेल्या, आणि "कधी देता?" विचारलं की एकच उत्तर, "होऊन राह्यलं." हे होऊन राहणं दोन दिवसांचं असायचं, कधी दोन महिन्यांचंही.

मी त्यांच्याकडे गेले ती रोपांपायी. आमच्या महिला गटाची छोटी रोपवाटिका आहे. मिरची, वांगी, टमाटर. इकडे आभाळ एकदा दाटलं की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. रोपं बाहेर ठेवली तर कुजतात, खोलीत ठेवली तर उजेडासाठी लांबत जाऊन आडवी पडतात. मोबाइलवर पाहून मी एलईडीच्या पट्ट्या मागवल्या, त्या चिकटवायला ॲल्युमिनियमच्या पाट्या कापून आणल्या. वायरी जोडायचे कनेक्टर मात्र कुठले घ्यावेत ते कळेना, म्हणून तीन तऱ्हेचे घेतले. सगळं भाऊंच्या टेबलावर ओतलं.

सोयरिकीला आलेल्या पोरांना पाहावं तसे त्यांनी ते तिन्ही कनेक्टर निरखले. पहिली होती पट्टीला दातांनी धरणारी बारकी क्लिप. "याचे दात पाहा. तुम्ही रोपायवर पाणी फवारता. महिनाभरात गंजून हिरवे होतीन." ती बाद झाली. दुसरा खटक्याचा. खटका उचलायचा, उघडी तार आत सारायची, खटका दाबायचा. मला तोच आवडला होता. भाऊंनी खटका चारदा वर-खाली केला आणि माझ्या हातात परत दिला.

"हे खेळणं हाय, बाई. लेकरायले द्या."

उरली स्क्रूची पट्टी, तार भोकात घालून वरून स्क्रू आवळायची. "स्क्रू तो स्क्रू," असं म्हणून त्यांनी वायरींची टोकं सोलली आणि प्रत्येक टोकावर सोल्डर, म्हणजे वितळवलेलं कथील, चढवलं. बारीक तारांची चकचकीत काडी झाली. हे त्यांचं खास कसब. "आता तार पिंजत नाई," ते म्हणाले. पंप उघडणाऱ्या माणसाशी वाद कोण घालणार? मी खटके घरी नेऊन डब्यात टाकले.

दिवा झाला मात्र देखणा. त्या दिवशी एकाही जोडाला ताप नव्हता. आठ दिवसांत रोपं ताठ उभी राहिली. ती पाहून आणखी पाच गावांतल्या बायांनी तसेच दिवे मागितले, आणि भाऊंनी पाचही बनवून स्वतः टांगून दिले.

श्रावणात एका सकाळी खोलीचं दार उघडलं तर करपल्याचा वास. स्क्रूची पट्टी एका बाजूनं तपकिरी होऊन वितळली होती. मी प्लग ओढला आणि भाऊंना फोन केला. ते पावसात सायकल हाणत आले. पट्टीवरचा स्क्रू नुसत्या नखानं फिरला.

"मी तं कसून आवळला होता," ते म्हणाले. खरंच होतं ते, माझ्यासमोरच आवळला होता. त्यांनी तार बाहेर ओढून टोक डोळ्यांजवळ धरलं.

"सोल्डर नरम असते. स्क्रूखाली दबत दबत चपटं झालं. मंग स्क्रू ढिला पडला, ढिला पडला तं तापला." तार खाली ठेवून म्हणाले, "माही चूक हाय, बाई."

गटातल्या पाच बाया तिथं उभ्या होत्या. चूक कबूल करताना पुढे 'पण' न जोडणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत. भाऊंनी 'पण' जोडला नाही.

"ते खेळणे कुठी हायेत?" त्यांनी विचारलं. मी डबा पुढे केला. त्यांनी चकचकीत टोकं छाटली, तांबं नव्यानं सोललं आणि एकेक तार खटक्यात बसवली. मी एक अक्षर बोलले नाही. त्याबद्दल मला अजून कुणी शाबासकी दिलेली नाही.

शेवटचा खटका दाबता दाबता त्यांचा हात थांबला. "बाई, बाकीचे पाच."

तिथूनच आम्ही फोन लावले. चार ठिकाणी फोन लागला. दिवा काढा, प्लग ओढा, भाऊ येईपर्यंत लावू नका. पाचवा लागेना. ते घर आलापल्लीच्या पुढे, जंगलातल्या नाल्यापलीकडे. बांबूच्या कुडाच्या भिंती, आणि दिवा टांगलेला त्या खोलीत अर्ध्या उंचीपर्यंत धानाचं तणस, म्हणजे वाळका पेंढा, रचलेलं. खिळा भाऊंनी स्वतः ठोकला होता.

नाल्याला पूर होता. चार दिवस ते रोज सायकलनं नाल्यापर्यंत जायचे, पाणी पाहायचे, परत यायचे. दुकान बंद. येता-जाता बाकीच्या चार दिव्यांचे जोड बदलून झाले. मी म्हटलं, "काही होणार नाही, भाऊ."

"तुमच्या इथी झालं नं?"

दिव्याची कल्पना माझी होती. झोप मलाही लागत नव्हती.

पाचव्या दिवशी पाणी ओसरून गुडघ्यावर आलं. आम्ही दोघं उतरून गेलो. वळणावरून छप्पर दिसलं, धड. मी थांबले. भाऊ मात्र तसेच भराभरा चालत राहिले. घरची बाई, वयानं भाऊंएवढीच, पडवीत रोपांचे ट्रे मांडून बसली होती. आम्हाला पाहताच तिनं तोंड सोडलं.

"आता आले काय? तारावर झाड पडलं, सहा दिवस झाले, लाईन नाई. तुमचा दिवा काय चाटायचा हाय?"

भाऊ जागीच उभे राहिले. "एकदाही नाई आली?"

"नाई म्हटलं नं."

"घडीभरही नाई?"

"बयरे झाले काय, भाऊ?"

जन्मभर गेलेल्या लाइटला शिव्या घालणारा हा माणूस. त्या दिवशी त्यांनी आकड्यावर लोंबणाऱ्या मेलेल्या तारेला हात जोडले. मला हसू आलं आणि रडूही आलं. मग आत जाऊन, मी धरलेल्या बॅटरीच्या उजेडात, त्यांनी सगळे जोड बदलले. बाहेर येऊन उंबरठ्यावर बसले.

"बाई, खायले काई हाय का?"

तेव्हा कुठे मला उमगलं की गेल्या चार-पाच दिवसांत हा माणूस धड जेवलेलाच नाही.

भाऊ आता अहेरीत नसतात. डोळे साथ देईनात म्हणून लेक त्यांना चंद्रपूरला घेऊन गेली. सहाही दिवे चालू आहेत. एखादी तार निसटली तर आमच्या बायाच खटका उचलून बसवतात. गावात त्यांचा विषय निघाला की लोक मोटारींच्या गोष्टी सांगतात. मला तो उंबरठा आठवतो. बाईनं तांदळाची पेज आणि वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची, भाजी पुढे ठेवली. भाऊंनी दोन वाट्या पेज संपवली, तिसरी पुढे केली. ती वाढताना बाई म्हणाली, "घरी कोणी देत नाई काय?"

"देते नं," भाऊ म्हणाले. "पण घास आज उतरून राह्यला."