चौथा आकडा

आकडा मी नेला होता. गावाच्या चावडीतून, भर दुपारी, कोणाला न विचारता. पुढे जे झाले त्याचा दोष कोतवालावर गेला, आणि तो मी जाऊ दिला. हे दोन्ही आधीच लिहून टाकतो. मनाशी ही गोष्ट सांगताना मी नेहमी त्या दिवशीच्या वाऱ्यापासून सुरुवात करीत आलो आहे आणि माझ्यापर्यंत पोचायच्या आत थांबत आलो आहे.

आमचे गाव अर्जुनीच्या बाजूला, तलावाच्या पाळीखाली. त्या काळी कवेलूची, म्हणजे कौलांची, घरे मोजकीच होती, त्यांत आमचे एक. बाकी सगळी गवताची छपरे, एकाला एक टेकलेली. होळी झाली की पश्चिमेचा वारा सुटायचा आणि गावाला आगीची धास्ती लागायची. म्हणून दिवस कासराभर वर यायच्या आत स्वयंपाक उरकायचा आणि चुलीत पाणी ओतायचे, असा दंडक होता. दुपारी गार भातच खायचा. प्रत्येक दारात एक भरलेला रांजण, त्यातले पाणी कोणी प्यायचे नाही. कोतवाल रोज सकाळी गल्लीतून ओरडत जायचा, "चुली इझवा वो बायांनो! रांजन भरा!"

"अजून भात शिजून रायला," एखादी आतून म्हणायची. "येऊन फुकून दे माही चूल, मंग इझवतो."

"फुकाचं काम तुवं, इझवाचं माहं. हो बाजूले!"

बाया हसायच्या आणि चूल विझवायच्या. तो माणूस असाच होता. थट्टा करीत काम करून घ्यायचा, आणि काम झाल्याशिवाय दारातून हलायचा नाही.

याहून मोठे काम आकड्यांचे. लांब, पक्क्या बांबूच्या टोकाला लोखंडी आकडा. असे चार आकडे चावडीच्या आढ्याला टांगलेले असत. आग लागली की तिच्या वाटेवरचे पुढचे छप्पर खाली ओढायचे, ओले करायचे आणि आगीला तिथेच अडवायचे. आकडे जोडीनेच चालतात. आढ्याच्या दोन्ही अंगांना एक एक आकडा अडकवून दोन्हीकडून एकदम ओढले, तरच छप्पर जागच्या जागी बसते. एकाच अंगाने ओढले तर सबंध छप्पर घसरून शेजाऱ्याच्या अंगणात जाते. गावात हे सर्वांना माहीत होते. मलाही माहीत होते.

आकड्यांना घरच्या कामासाठी हात लावायचा नाही, हाही नियमच होता. विहिरीत पडलेली बादली काढायलासुद्धा नाही.

मी तेव्हा तिशीत होतो. माझे काका गावचे मुकद्दम, गावचा कारभार त्यांच्या हाती. शेतावरच्या लहान तळ्याच्या, बोडीच्या, काठाला आमची एक खोपडी होती, तिचे जुने गवत उतरवायचे होते. हाताने उपसत बसलो असतो तर चार-पाच दिवस लागले असते. चावडीवर आलो तेव्हा चिटपाखरू नव्हते, सगळे गाव मोहाची फुले वेचायला गेलेले. मी एक आकडा उतरवला आणि वर पाहिले. तीन उरले होते. तीन पुरे, असे मला वाटले. तीन म्हणजे एक जोडी आणि एक बांबू, हा विचार मला शिवला नाही. संध्याकाळी परत टांगू, असे मनाशी म्हणालो, पण काम उरले, आणि आकडा शेतावरच राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी आग लागली. मोहाची फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. गावाच्या पश्चिमेला कोणीतरी तसा जाळला होता. वाऱ्याने तो पहिल्या छपरावर आणून टाकला.

मी शेतावरून धूर पाहिला आणि कोतवालाचा डफ ऐकला. धावत सुटलो. शेताचा धुरा, बांध, ओलांडल्यावर मला आकडा आठवला. मी थांबलो. खोपडी मागे होती, फार लांब नव्हती. आकडा खांद्यावर घेऊन गावात शिरलो तर तो माझ्याकडे कसा, हे सगळे विचारणार. उशीर होईल, असे मी स्वतःला सांगितले आणि मोकळ्या हातांनी पुढे पळालो. उशीर झाला नसता. तेव्हाही मला ते ठाऊक होते.

गल्लीच्या डाव्या हाताचे छप्पर एका जोडीने बरोबर बसले. उजव्या हाताच्या घरापाशी कोतवाल एकच आकडा घेऊन उभा होता आणि ओरडत होता, "दुसरा कुठी हाये? अरे, दुसरा आना!" कोणीतरी चावडीवर पळत गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. डावीकडची जोडी अजून छपरात गुंतलेली होती. छपराची एक बाजू पेटली होती, वाट पाहायला वेळ नव्हता. एकाच आकड्याने ओढले. छप्पर तिरपे झाले आणि पेटत्या बाजूने घसरून शेजारच्या भाताच्या तणसाच्या ढिगावर पडले. त्यानंतर उजवी ओळ शेवटपर्यंत गेली. माणसे वाचली. शेवटच्या घरची बैलजोडी बांधलेली होती, ती वाचली नाही. ते कुटुंब पावसाळ्याआधीच विड्या वळायला गोंदियाला निघून गेले आणि परत आले नाही.

दुसऱ्या दिवशी चावडीवर पंच बसले. कोतवाल पायरीखाली, आपल्या नेहमीच्या जागी उभा होता. त्याचे हात भाजलेले होते.

काकांनी विचारले, "चवथा आकडा कुठी गेला?"

"होळीच्या राती राखनीले चारही नेले होते," तो म्हणाला. "चारही आनले, असं वाटते."

"वाटते?"

"त्या दिवशी थोडी घेतली होती, मुकद्दम."

"थोडी?" मागून एक जण म्हणाला. "नालीतून उचलून आनला तुले!" त्या राखेच्या वासातही दोघेतिघे हसले.

"कोनी पाह्यला का आकडा?" काकांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. ती माझ्यावर आली तेव्हा मी गप्प राहिलो असतो तरी पाप अर्धे झाले असते. मी म्हणालो, "ज्याच्या ताब्यात होता त्यालेच माहीत असन."

कोतवालाने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत संशय नव्हता. तो आठवत होता. मग मान हलवून म्हणाला, "मंग मीच इसरलो असन."

त्याची कोतवाली गेली, तिच्यासोबतची जमिनीची पट्टी गेली. दोन्ही त्याच्या चुलतभावाला मिळाल्या. गावाने इतक्या पटकन का मानले, हे मी नंतर पुष्कळ दिवस मनात घोळवले. पायरीखाली उभ्या असलेल्या माणसाची चूक मानायला कोणालाच जड जात नाही. मला ते ठाऊक होते, आणि मी त्याच्याच आधाराने वाचलो.

त्या संध्याकाळी मी शेतावर जाऊन आकडा बोडीच्या गाळात दाबला.

त्यानंतरची वर्षे सांगण्यासारखी नाहीत, पण ती गेली. काका वारले आणि मुकद्दमी माझ्याकडे आली. माझी बायको तापाने गेली. आम्हाला मूल नव्हते. तिलाही मी हे सांगितले नव्हते. शेवटच्या आजारात ती एकदा म्हणाली, "तुमी घरात असूनही घरात नसता. काऊन?" मी तिच्या कपाळावरची पट्टी बदलली आणि विषय बदलला. ती गेल्यावर मला कळले, की जी एक व्यक्ती ऐकून घेणार होती तिच्यापाशीही मी एकटाच राहिलो होतो.

लोक येत, तंटे सांगत, रामराम करीत. मी उत्तरे देई. सण आला की कोणी ना कोणी जेवायला बोलावी, आणि मी काहीतरी कारण सांगून टाळी. उजव्या ओळीतल्या घरांत मला घास उतरत नसे. ती घरे पुन्हा उभी राहिली होती, पण कोणत्या दारात कोणते छप्पर पडले हे मला डोळे मिटूनही दिसे.

आणि दर उन्हाळ्यात सकाळी तो आवाज यायचा. नवा कोतवाल मनात आले तर फिरायचा, नाही तर नाही. जुना मात्र रोज फिरायचा. दारू त्याने आगीच्या दिवसापासून सोडली होती. थट्टाही सोडली होती. "चुली इझवा," एवढेच म्हणायचा आणि पुढच्या दारात जायचा.

"तुवी कोतवाली जाऊन जमाना झाला, बुढ्या," पोरीसोरी म्हणत. "तुले कोन पगार देऊन रायलं?"

तो चूल विझेपर्यंत तसाच उभा राही. मी आमच्या कवेलूच्या घरात, विझवण्यासारखी चूलही धड पेटवलेली नसताना, दार लावून बसत असे. आवाज गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत मी हलत नसे.

गेल्या चैत्रात तो माझ्या अंगणात आला. लढाईमुळे तेव्हा लोखंड मिळेनासे झाले होते. त्याच्या खांद्यावर नवा बांबू होता, आणि टोकाला नवाकोरा आकडा.

"हे काय गा?" मी ओट्यावरून विचारले.

"गावाचा आकडा, मुकद्दम. माह्या हातून गेला होता, तो." त्याने बांबू जपून भिंतीला टेकवला. "जुनी कुऱ्हाड होती, इळा होता, पहार होती. लोहाराले सगळं देल्लं आन् येवढा करून घेतला. आता चार होतीन. मंग मी मराले मोकळा."

त्याच्या घरात आता काही तोडायला कुऱ्हाड नव्हती, कापायला विळा नव्हता. तो आकडा घेतला असता तर माझी चोरी त्याने भरून दिली, असे झाले असते. मी ओट्यावरून खाली उतरलो.

"हा मी घेऊ शकत नाही," मी म्हणालो. "तुमच्या हातून आकडा गेलाच नाही. मी नेला होता. खोपडी उतरवाले. आग लागली तेव्हा तो बोडीवर होता."

त्याने भिंतीला टेकवलेल्या आकड्याकडे पाहिले. मग म्हणाला, "म्हंजे होळीहून चारही आनले होते मी?"

"चारही."

"माही बुढी म्हनत होती." त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हने, चारही टांगले तुमी, मी कंदील धरून होती. मी तिलेच येडी म्हटलं. मरेपर्यंत म्हनत होती थे, आन् मी तिले चूप बस म्हनत होतो."

मी वाकून त्याच्या पायांना हात लावायला गेलो तसा तो मागे सरला.

"मले एकट्याले कायले सांगून रायले?" तो म्हणाला. आता त्याला राग आला होता, आणि तो राग मला बरा वाटला. "मी का तुमच्या अंगनात हो म्हटलं होतं? ज्यायच्यासमोर मी हो म्हटलं त्यायच्यासमोर सांगा."

"उद्या लोकांना बोलावतो."

"उद्या कायले? आवाज मी देतो."

आणि तो गेलाही. गल्लीतून त्याची हाक ऐकू आली, "चला गा चावडीवर! मुकद्दमाले काई सांगाचं हाये!" कोणीतरी बाई ओरडली, "चुली तं इझवल्या ना बावा, आता अजून काय इझवाचं?" तो थांबला नाही. मी त्याच्या मागून चालत राहिलो. ती गल्ली मला कधी एवढी लांब वाटली नव्हती.

माणसे जमली. उजव्या ओळीतली सगळी होती. माझी बसायची जागा वर होती. तो खाली, पायरीपाशी उभा राहिला. मी वर गेलो नाही. त्याच्यासमोर, खालीच उभा राहिलो. काय बोलायचे ते मी वर्षानुवर्षे मनात मांडले होते, त्यातले काहीच आठवले नाही. जे बोललो ते असे:

"आगीच्या दिवशी जो आकडा सापडला नाही तो मी चोरून शेतावर नेला होता. यायनं चारही मोजून टांगले होते, आन् यायची बुढी खरं सांगत होती. आग दिसल्यावर मले आठवन आली, तरी लाजेपायी मी मागं गेलो नाही. तुमची घरं माह्यानं गेली. मंग याच जागी मी यायच्यावर ढकललं आन् इतकी वर्षं चूप बसलो." मग मी जुन्या कोतवालाकडे वळलो. "दादा, मी तुमचा गुन्हेगार हाव. माहं चुकलं. मले माफ करा."