तिसऱ्या पाळीची मुलं

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मखमलाबादकडे आमची फुलशेती. झेंडू, शेवंती, आणि घरात खाण्यापुरती बाजरी. मानसशास्त्र घेऊन मी बी.ए. झाले तेव्हा वडिलांनी फुलबाजारात पेढे वाटले. पुढे मी सातपूरच्या कामगार वस्तीत बालवाडी चालवायला घेतली, तेव्हा त्याच बाजारात ते सगळ्यांना सांगायला लागले, "एवढं शिकली अन् आता लोकाच्या पोरांचे शेंबूड पुसती."

मी म्हटलं, "दादा, शेंबूड कुणीही पुसतं. पोर रडतंय कशानं, ते मी विचारते."

"तुला कधी इचारलं व्हतं का आम्ही? तरी झालीच ना बी.ए.?"

पण मी जे काम करत होते त्याचा मला अभिमान होता. तो अजून आहे, म्हणूनच हे लिहिते आहे.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. बालवाडी समाजमंदिराच्या एका खोलीत भरायची. आजूबाजूला एका खोलीची घरं, पत्र्याची नाहीतर स्लॅबची, आणि जवळजवळ प्रत्येक घरातला बाप कुठल्या ना कुठल्या कारखान्यात. आठवड्याला पाळी बदलायची. पहिली, दुसरी, तिसरी. तिसरी म्हणजे रात्रपाळी. रात्रभर मशीनवर उभा राहिलेला माणूस सकाळी घरी येऊन झोपणार, आणि झोपणार तीच खोली, जिथे चूल, नळ, पोरं, सगळंच. म्हणजे त्या आठवड्यात घरात आवाज बंद.

हे मला कुणी सांगितलं नाही. भातुकलीतून कळलं. चार पोरी खेळत होत्या. एकीनं बाहुला आडवा केला, त्याच्यावर हातरुमाल टाकला आणि म्हणाली, "पप्पा नाईट करून आलेत." लगेच सगळ्या कुजबुजायला लागल्या. कुणाला शिकवावं लागलं नाही. त्यातल्या एकीनं पातेल्यात पळी ठेवताना खाली स्वतःचं बोट धरलं, टणकन आवाज होऊ नये म्हणून. मी आपली बघतच राहिले. माझ्या बी.ए.च्या पुस्तकांत असं काही नव्हतं.

पळीखाली बोट धरणारी ती मुलगी पाचाच्या आतली होती. वडील कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या मशीनवर; आई निफाडकडची. तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती रडतेय हेच मला आधी कळलं नाही. दाराच्या फटीत तिचं बोट चेमटलं होतं. तोंड उघडं, मान मागे टाकलेली, डोळ्यांतून धारा, आणि आवाज मात्र अजिबात नाही. आमची मदतनीस मावशी म्हणाली, "बघा, किती शहाणी. नाहीतर ती बाकीची, मुंगी चावली तरी वस्ती गोळा करतील."

मी विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही."

"दुखतंय का?"

"काही नाही बाई."

येत्या जूनमध्ये ती पहिलीत जाणार होती. तिथे एका वर्गात साठ पोरं, तिला कोण विचारणार होतं? ती जाण्याआधी तिला मोठ्यानं रडता यावं, एवढंच मला हवं होतं. लिहिणं-वाचणं तिचं तिला आलं असतं.

मी वर्गात शब्द शिकवायला लागले. राग आला, रुसवा आला, भीती वाटली, लाज वाटली. पोरं मजेत पाठ करायची, जसं चिमणी-कावळा पाठ करतात तसं. पण पाठ केलेला राग काय कामाचा? तो बाहेर कसा पडायचा? तेव्हा मला आमची बाजरी आठवली. कणसं भरली की पाखरं हाकायला आम्हा पोरांना शेतातल्या माळ्यावर बसवायचे. गोफण मोठ्यांकडे, आमच्याकडे नुसता गळा. मी दिवसभर ओरडायचे. आईचा राग आला असेल तर तोही त्याच आरोळीत जायचा. वर पाखरं उडायची आणि संध्याकाळी कौतुक व्हायचं.

सातपूरला माळा कुठून आणणार? बालवाडीतला जुना माठ झिरपायला लागला होता, मावशी तो फेकायला निघाली होती. मी तो कोपऱ्यात ठेवला आणि सांगितलं, ज्याला राग येईल, रडू येईल, त्यानं इथे यायचं, माठात तोंड घालायचं आणि जोरात बोलायचं. माठ कुणाला सांगत नाही.

पहिल्याच दिवशी रांग लागली. एकजण ओरडला, "मला बाळ नको! परत देऊन या!" एकीनं नुसतंच "शेंगदाणे!" असं बोंबलून घेतलं, काय ते तिचं तिला माहीत. माठात आवाज घुमून मोठा व्हायचा, पोरं स्वतःचाच आवाज ऐकून दचकायची आणि हसायची. एकदा पोरं गेल्यावर मी हिशेबाचं काही आवरत बसले होते, तर मावशी झाडू बाजूला ठेवून माठापाशी वाकलेली. "म्हातारे, तूच धू तुझी धुणी!" सरळ होऊन मला म्हणाली, "बरं वाटतं हो बाई. सासू गावाकडं हाय, ऐकू नाय जायचं."

त्या मुलीला महिना लागला. वडिलांची पहिली पाळी चालू असताना, एका शनिवारी, कुणीतरी तिची रांगोळी पुसली. ती उठली, माठाजवळ गेली, दोन्ही हातांनी त्याचा गळा धरला आणि ओरडली. शब्द नव्हता, नुसता आऽऽऽ. मग रडली, आवाजासकट, नाक वाहेपर्यंत. मी तिला मांडीवर घेतलं नाही, पाठीवर हात ठेवून नुसती बसले. घरी जाऊन माझ्या वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "पोरगी रडली म्हणून तू हासती?" मी हसत होते खरी.

पुढच्या काही दिवसांत ती रोज माठाकडे जायची. "मला राग आला" म्हणायची, मग वळून माझ्याकडे बघायची, बरोबर आहे ना म्हणून.

मग तिसरी पाळी आली. माठ काय, सगळ्यांच्या घरात असतो. भर दुपारी तिच्या आईनं तिला कशावरून तरी दटावलं. वडील झोपलेले. ती स्वयंपाकाच्या ओट्याजवळ गेली, पाण्याच्या माठावरचं झाकण शहाण्या मुलीसारखं हळूच बाजूला ठेवलं, आणि तोंड आत घालून पूर्ण ताकदीनं ओरडली.

दुसऱ्या दिवशी आई आली. मुलीच्या गालावर वळ होते.

"काय शिकवता ओ बाई पोरीला? ह्यांचा डोळा नुकता लागला व्हता. दचकून उठले, लागलेच हाणायला. माठ फुटला, घरभर पानी. ती म्हणती कशी, बाईंनी सांगितलं राग आला की वरडायचं!"

मी म्हटलं, "ताई, तिला राग आला तर ती कुठे जाईल?"

"मला येतो तेव्हा मी कुठं जाते?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमचं खरं असंल. पर तुमच्या घरी कुनी नाईट करीत नाय."

मी माठ हलवला नाही. मी चुकीचं शिकवलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. मी मुलीला समजावलं, की इथला माठ ओरडायचा, घरातला पाण्याचा. तिनं मान हलवली. मी मनाशी धरून चालले होते की तीन आठवड्यांतले दोन तरी आपले आहेत. त्या दोन आठवड्यांत ती पुन्हा मोकळी होईल.

दिवाळीनंतर तिच्या वडिलांच्या कारखान्याला टाळं लागलं. आधी म्हणाले थोडे दिवस, मग कुणी काही म्हणेना. मला वाटलं, वाईट झालं, पण निदान तिसरी पाळी तरी गेली. झालं उलटंच. माणूस घरातच. सकाळीही झोपलेला, दुपारीही झोपलेला, भिंतीकडे तोंड करून. पहिल्या-दुसऱ्या पाळीचे मोकळे आठवडे गेले आणि सगळं वर्षच तिसऱ्या पाळीचं झालं.

एकदा ते स्वतः तिला न्यायला आले. खरखरीत हात, कानांनी जरा कमी ऐकणारे. प्रेसच्या दणक्यात वर्षं काढलेली. मी मोठ्यानंच बोलले, "भाऊ, आता नाईट नाही. तिला घरात जरा हसू-रडू द्या."

त्यांनी ऐकून घेतलं. चिडले नाहीत. म्हणाले, "बाई, घरात आवाज झाला ना, की मला भोंगा झाल्यासारखं वाटतं. मी उठून बसतो. पायात चप्पल घालतो. मग आठवतं."

मुलगी त्यांच्या बोटाला धरून उभी होती. वडील बोलत होते तेवढा वेळ तिनं पाऊलसुद्धा हलवलं नाही.

एप्रिलमध्ये शेवटच्या दिवशी मी पोरांना चुरमुरे वाटले. सगळी माठाभोवती दंगा करत होती. मी तिला म्हटलं, "जा, तू पण एकदा." ती माझं ऐकायची, गेली. दोन्ही हातांनी माठाचा गळा धरला, तोंड आत घातलं. मी जवळ जाऊन उभी राहिले. आतून अगदी बारीक आवाज आला, "शूऽऽ. पप्पा झोपलेत." मग तिनं तोंड बाहेर काढलं, माठावर हातरुमाल पसरला आणि बाकीच्या पोरांकडे वळून ओठांवर बोट ठेवलं. दंगा थांबला. त्या खोलीतल्या प्रत्येक पोराला त्या बोटाचा अर्थ माहीत होता.

पावसाळ्यानंतर कधीतरी सातपूरच्या भाजीबाजारात तिच्या पहिलीच्या बाई भेटल्या. चांगल्या बाई, मनापासून बोलल्या. "तुमच्या बालवाडीतनं आलेली ती मुलगी, काय वळण लावलंत हो! कधी रडणं नाही, तक्रार नाही. मागे बाकात हात सापडून नख निघालं, तरी तोंडातून आवाज नाही. मी वर्गाला सांगते, असं असावं. अशाच मुली पाठवत जा."

मी मेथीची जुडी उगाच खालीवर करत होते. नखाला औषध लावलं का, एवढं विचारलं.

"लावलं की," त्या म्हणाल्या. "तेव्हासुद्धा गप्प."