शिकारीची बॅग भरताना

धनुष्याच्या दोरीला मेण चोळलं की त्या वासाबरोबर मला परदेशातल्या माझ्या माउंट वेलिंग्टन उपनगरातल्या घरातली एक दुपार आठवते. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर मला आणि माझ्या शिकारी सोबत्यांना दूर डोंगरात नेऊन सोडणार होतं, माझ्या पहिल्याच शिकारीला. पुण्याहून आलेली आई सोफ्यावर बसून माझं सामान भरणं बघत होती. वजन जास्त होत होतं, म्हणून मी उशी आणि जादाचे कपडे बाहेर काढले, धनुष्य मात्र ठेवलं. "आपल्या घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि तू जीव घ्यायला चाललीस?" आई म्हणाली. "हो आई, जाणार. आणि जे मारीन ते खाणार, वाया घालवणार नाही," असं म्हणून मी बाणांची धारदार पाती डब्यात बंद केली. आई उठली, चेन लागत नव्हती म्हणून बॅगेवर गुडघा दाबून धरला आणि म्हणाली, "मग नेम तरी नीट धर. तडफडत ठेवू नकोस कुणाला." डोंगरात एक हरीण अगदी जवळ आलं, पण तिरकं उभं राहिलं; बाण वर्मी लागेलच असं नव्हतं. मी ताणलेली दोरी हळूच सैल केली आणि रिकाम्या हाताने परतले. पुढे मी शिकार केली, पण खात्री नसताना बाण अजून एकदाही सोडलेला नाही.