पिवळ्या इमारतीपुढचा थांबा

आगारात त्यांना सगळे सावकाशमामा म्हणत. शववाहिनी चालवणारा माणूस घाई कशाला करील, हा त्यातला विनोद. पण मामा आधी पावाची गाडी चालवत होते तेव्हाही सावकाशच चालवत. पावाचा कारखाना बंद पडला तेव्हा नगरपालिकेच्या रुग्णालयात ही एकच जागा रिकामी होती. इतरांनी नाकं मुरडली, मामांनी सही केली. सुरुवातीला घरी आल्यावर घास उतरत नसे. मग उतरू लागला. पुढं तर इतका सहज उतरू लागला की मामी म्हणायच्या, "माणसाला कायमचं पोचवून आलात, निदान आज तरी दोन घास कमी जेवा." मामा खरंच दोन घास कमी जेवायचे. त्यांना दोन्ही सारखंच होतं.

त्यांना वाईट वाटत नसे असं नाही. वाटायचं, पण शेजारच्या घरात कुणीतरी रेडिओ लावावा तसं. आवाज येतो, शब्द कळत नाहीत. पोरीच्या लग्नातही ते दाराशी उभे राहिले, खिशातली किल्ली चाचपत, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट करून देत. पोरीनं नंतर फोटो पाहिले आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही ड्युटीवर होतात का?" सगळे हसले. सगळे हसतायत म्हटल्यावर मामाही हसले.

कामात मात्र त्यांची एक रीत होती. शववाहिनीत पुढच्या सीटवर नात्यातलं एकजण बसायचं, बाकीचे आपापल्या गाड्यांनी पुढं जायचे. थोडं अंतर गेलं की शेजारचं माणूस घसा खाकरून म्हणायचं, "ड्रायव्हरसाहेब, जरा त्यांच्या शाळेवरून घेता येईल का?" कधी शाळा, कधी गिरणीचं फाटक, कधी खेळाचं मैदान. एकदा एका बाईंना भावाला मासळीबाजारावरून न्यायचं होतं. मामा कधी कारण विचारत नसत. चाक वळवत, त्या जागेपाशी वेग आणखी कमी करत आणि मग सरळ स्मशानभूमीचा रस्ता धरत. बक्षीस कुणी पुढं केलं तर मान हलवत. हे सगळं त्यांच्या हातांना पाठ होतं. मनापर्यंत किती पोचत होतं, देव जाणे.

मग अंतरकर आला. विजेवरच्या गाड्या वाढल्या, पेट्रोलवरचा कर आटला, तेव्हा जो जितकं चालवील त्यानं तितकं भरावं असं ठरलं. मामांना ते रास्त वाटलं. प्रत्येक गाडीत काचेखाली काडेपेटीएवढी काळी डबी बसली. डबी नुसते किलोमीटर मोजत नव्हती. कुठून निघालात, कुठं थांबलात, किती वेळ, दार उघडलंत की नाही, हे सगळं ती वरच्या कार्यालयाला कळवत होती. कॅन्टीनमध्ये लोक आठवडाभर तावातावानं बोलले. "म्हणजे मी कुठं आहे हे बायकोच्या आधी सरकारला कळणार," रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर म्हणाला, आणि टेबलावर हशा पिकला. पुढं तेही बोलणं बंद पडलं. डबी अंगवळणी पडली.

रुग्णालयाच्या गाड्यांना कर माफ होता, पण ठरल्या वाटेनं गेलं तरच. रुग्णालय, घर, स्मशानभूमी, आगार. वाट सोडली की खुलासा द्यायचा. आगार सांभाळणाऱ्या मॅडम तरुण होत्या, स्वभावानं बऱ्या होत्या. पहिल्याच महिन्यात त्यांनी मामांना संगणकासमोर बोलावलं. पडद्यावर मामांच्या फेरीची रेघ होती, मध्येच एका बाजूला फुगलेली.

"मामा, हा फुगवटा कसला?"

"शाळा."

"शाळेत काय काम होतं?"

"तो माणूस तिथं घंटा वाजवायचा. आयुष्यभर."

मॅडमनी कारणाच्या जागी 'वाहतूक कोंडी' असं टाइप केलं. असे बरेच फुगवटे त्यांनी कोंडीच्या खात्यावर घातले. शेवटी वरून उत्तर आलं, की त्याच वेळी त्याच रस्त्यावरच्या इतर गाड्यांच्या डब्यांनी कोंडी दाखवलेली नाही.

"आता मात्र सरळ जायचं, मामा," मॅडम म्हणाल्या. "उद्या माझ्या गळ्याशी येईल."

"बरं," मामा म्हणाले.

त्यानंतर कुणी विचारलं तर ते सांगू लागले, "जमणार नाही. नियम आहे." लोक खिडकीबाहेर बघत. मामांना त्याचंही काही वाटलं नाही. निदान त्यांना स्वतःला तरी तसं वाटत होतं.

एका सकाळी छापखान्याचे मालक गेले. वय फार नव्हतं, रुग्णालयातच गेले. पुढच्या सीटवर त्यांची थोरली बहीण येऊन बसली. उंच, सडसडीत बाई, डोळे कोरडे, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. त्यांनी विनंती केली नाही. पाण्याच्या टाकीचा चौक आला तेव्हा एवढंच म्हणाल्या, "इथून डावीकडं घ्या. दुसरी गल्ली, पिवळी इमारत. दोन मिनिटं थांबायचंय."

"जमणार नाही, ताई. नियम आहे."

"नोकरी जाईल तुमची?"

"जाणार नाही. पण विचारतील."

"मग विचारू द्या. मी त्याला शब्द दिलाय, आणि शब्द घेणारा मागं आडवा झालाय. आता त्याच्याशी मला घासाघीस करता येत नाही."

मामांनी डावीकडं घेतलं. का घेतलं, हे त्यांना नंतर पुष्कळदा विचारलं गेलं, आणि त्यांनाही सांगता आलं नाही.

पिवळ्या इमारतीच्या जिन्यापाशी एक बाई उभ्या होत्या. पन्नाशी उलटलेली, केस ओले, पायांत दोन वेगवेगळ्या जोड्यांच्या चपला. गाडी थांबली तशा त्या मागच्या बाजूला गेल्या. मामांना त्या आरशात दिसत होत्या. त्यांनी मागच्या काचेवर हात टेकला आणि तसाच ठेवला. रडल्या नाहीत, ओठ हलले नाहीत. मग हात काढला, काचेवर उठलेला ठसा बाहीनं पुसून टाकला आणि जिन्याकडं वळल्या. बहीण सगळा वेळ समोर बघत होती.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"चला मग." आणि चौक ओलांडल्यावर, "हे कुणाला कळायला नको."

"माझ्याकडून कळणार नाही," मामा म्हणाले.

तेव्हा त्यांना डबीची आठवण झाली नाही असं नाही. पण डबी कार्यालयाला सांगते, कार्यालयाला कुणाच्या घरातलं काय पडलंय, अशी त्यांची समजूत होती. मोठा फुगवटा, थोडी बोलणी खावी लागतील, संपलं.

समजूत चुकीची निघाली. कारभार पारदर्शक हवा म्हणून, ज्यानं गाडी मागवली त्याच्या फोनवर फेरीचा नकाशा पाठवायचा, असं नुकतंच ठरलं होतं. गाडी मालकांच्या मुलानं मागवली होती.

तो काही दिवसांनी आगारात आला. तिशीचा, दाढी वाढलेली, आवाज अगदी खाली. मामा गाडी धूत होते. त्यानं फोन त्यांच्यापुढं धरला.

"इथं का थांबला होतात?"

"टायर बघत होतो."

"यात लिहिलंय की ड्रायव्हरचं दार उघडलंच नाही."

मामांनी पाण्याचा नळ बंद केला.

"त्या इमारतीत आमच्या नात्यातलं कुणी नाही," मुलगा म्हणाला. "आत्याला विचारावं तर ती फोनच उचलत नाही. आईनं हा नकाशा पाहिलाय. रोज उघडून बघते. काही बोलत नाही, नुसती बघते. काका, मी भांडायला आलो नाही. तुम्ही फक्त सांगा, तिथं कोण राहतं?"

"मला माहीत नाही," मामा म्हणाले. हे खरं होतं. बाईंचं नाव त्यांना आजतागायत कळलेलं नाही.

मुलानं फोन खिशात घातला, "बरं" म्हणाला आणि गेला.

त्याच आठवड्यात वरून खुलासा मागवला गेला. या वेळी नुसतं कारण पुरणार नव्हतं. कुणाच्या सांगण्यावरून थांबलात, कुठल्या घराशी, तेही हवं होतं. मॅडमनी दार लोटून घेतलं.

"मामा, सांगून मोकळे व्हा. बहिणीनं सांगितलं, अमुक घर. दोन ओळींचं काम आहे. तुमच्यावर काही येणार नाही."

"आणि ते पुढं कोण वाचणार?"

"ते मी कसं सांगू? रेकॉर्डला राहील."

"मग रस्ता चुकलो असं लिहा."

"तुम्ही? या गावात?"

"हो."

"मामा, चुकलो म्हटलं की तपासणी लागते. डोळे, डोकं, सगळं. गाडीवरून काढतील तुम्हाला."

"काढू द्या."

असं म्हणताना छाती भरून आली, आपण काही मोठं करतोय असं वाटलं, असं काही झालं नाही. बहिणीला शब्द दिला होता आणि हे उत्तर सगळ्यांत आखूड होतं, एवढंच. मॅडमनी टाइप केलं. त्यांची बोटं दोनदा चुकली.

डॉक्टरनं मामांना वार विचारला, बारा महिने उलटे म्हणायला लावले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. सगळं बिनचूक जमलं. पण माणूस स्वतःच चुकलो म्हणतोय म्हटल्यावर डॉक्टर तरी काय करणार? विस्मरणाची शक्यता नाकारता येत नाही, असा शेरा पडला आणि मामा शववाहिनीवरून आगाराच्या फाटकावर आले. गाडी आली की आडवा दांडा वर, गेली की खाली.

मामींनी घर डोक्यावर घेतलं. "खालच्या बाई विचारत होत्या, मामांना भूल पडते म्हणे! मी काय सांगू त्यांना?"

"पडते म्हण."

"आणि पडते का खरंच?"

"नाही."

मामी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना एक कळलं होतं, की या माणसाला खोदून काही निघत नाही. तरी त्या रात्रीपर्यंत खोदत राहिल्या, आणि मग कंटाळून झोपल्या.

फाटकावर मामांचे दिवस एकसारखे जाऊ लागले. एकदा दुपारी एक बाई चालत आल्या. डोक्यावर ऊन, हातात पिशवी. दांड्यापाशी थांबून म्हणाल्या, "छापखानेवाल्यांच्या वेळी गाडीवर तुम्हीच होतात ना?"

मामांनी ओळखलं नाही, पण कोण असाव्यात ते कळलं. उठून त्यांनी आपली खुर्ची पुढं केली. बाई बसल्या नाहीत.

"तुम्ही रस्ता चुकलात म्हणे."

"हो."

"माझा मुलगा त्या इमारतीपाशी जाऊन आला. एकदा नाही, चारदा. आमच्या घरातल्या गाड्यांचा कर एकाच खात्यावर भरतो आम्ही. त्याची गाडीही तिथं थांबलेली मला फोनवर दिसते. त्यालाही ठाऊक आहे मला दिसते ते. जेवायला समोरासमोर बसतो आणि मीठ दे, पाणी दे, एवढंच बोलतो."

"माझ्याकडून काही..." मामा म्हणाले.

"तुमच्याकडून नाही. तेच सांगायला आले." बाईंनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "ते घर मला माहीत होतं. मुलगा शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. मला माहीत आहे हे ह्यांना माहीत होतं की नाही, ते मी कधी विचारलं नाही. मुलाला कळू द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट मी जपली. बाकी सगळं सोडून दिलं होतं."

एक टँकर आला. मामांनी दांडा वर केला, टँकर आत गेला, दांडा खाली केला. बाई तोवर थांबून राहिल्या.

"ती रडत होती का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मामा म्हणाले. मग, का कोण जाणे, पुढं म्हणाले, "चपला वेगवेगळ्या होत्या पायांत."

बाईंनी मान हलवली. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. "येते," म्हणाल्या आणि आल्या तशा चालत गेल्या.

काही महिन्यांनी पुष्कळ तक्रारींनंतर घरच्यांना नकाशे पाठवणं बंद झालं. नकाशे आता फक्त कार्यालयात राहतात. मॅडम स्वतः फाटकावर आल्या, म्हणाल्या, "मामा, परत तपासणी द्या. मी डॉक्टरांशी बोलले आहे. नवा ड्रायव्हर फार जोरात हाकतो, लोक नाराज आहेत."

"इथं बरं आहे," मामा म्हणाले. "बसायला मिळतं."

घरी हे ऐकून मामींनी कपाळावर हात मारला. "अहो, तुमचं काम होतं ते! जरा तरी वाटत नाही का तुम्हाला?"

मामांनी खरोखर विचार केला. ताट पुढ्यात होतं, हात ताटात. शेजारच्या घरात कुणीतरी जोरजोरात बोलत होतं.

"वाटतं," ते म्हणाले. "पण कुठं ते सापडत नाही."

मामींनी त्यांच्या ताटात आणखी थोडं वाढलं. त्यांनी नको म्हटलं नाही.