माझ्या नावाची फाईल

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच सुटली तेव्हा माझ्या मांडीवर एक जाडजूड फाईल होती आणि तिच्यावर माझं नाव होतं. दिगंबर साळवी, वय त्रेपन्न. आत लिहिलेला आजार मात्र माझा नव्हता. तो शरीफभाईचा होता. आखातातल्या एका कंपनीच्या कँपात आम्ही नऊ वर्षं एका खोलीत काढली. मी स्टोअरकीपर, तो पाइपलाइनवरचा फोरमन. त्याचं घर दिवेआगरजवळ, आणि मी तिकडे निघालो होतो.

हा घोळ कसा झाला ते आधी सांगतो. तिकडे दवाखाना कंपनीच्या कार्डावर चालतो. कार्ड नसलं तर माणूस अंगात ताप घेऊन कामावर जातो, पण दवाखान्याची पायरी चढत नाही. माझ्याकडे कार्ड होतं. शरीफभाईला कंपनीने कागदोपत्री एका ठेकेदाराच्या नावावर दाखवलं होतं, त्यामुळे त्याचं कार्ड कायम ‘पुढच्या महिन्यात’ यायचं. त्याचं पोट दुखायला लागलं तेव्हा मी माझं कार्ड आणि ओळखपत्र त्याच्या हातात ठेवलं. कँपात हे सगळेच करायचे; एकाच्या कार्डावर तिघांचे दात निघायचे. आम्हा दोघांच्या मिशा सारख्या, टकलंही सारखी, आणि काउंटरवरच्या माणसाला तर आम्ही सगळेच सारखे दिसायचो.

चार-पाच खेपा करून शरीफभाई म्हणाला, “गॅस हाय रे, दुसरं काय न्हाय.” मी विश्वास ठेवला. त्यानंतर चार महिने तो माझ्याबरोबर कामावर आला आणि सप्टेंबरात रजा मिळाली तसा घरी गेला. डिसेंबरात त्याच्या बायकोचा, जुबेदा वहिनींचा, फोन आला. इथल्या डॉक्टरांनी मोठा आजार सांगितला होता आणि तिकडचे जुने कागद असतील तर हवे होते. शरीफभाई त्यांना कागद नाहीतच म्हणून सांगत होता. मी दुसऱ्याच दिवशी त्या हॉस्पिटलात गेलो आणि माझे कागद मागितले. तिथल्या कारकुनाने स्क्रीनवर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि उठून मला खुर्ची दिली. ती खुर्ची मी जन्मात विसरणार नाही. जठराचा कॅन्सर, आणि तारीख होती मे महिन्यातली. म्हणजे शरीफभाईला तेव्हाच कळलं होतं. मग मला गॅस का सांगितलं, हा एक प्रश्न घेऊन मी रजेवर आलो होतो.

माझ्या बायकोचं म्हणणं, माणगाववरून सरळ एसटीने जा. पण शरीफभाई नेहमी म्हणायचा, “माझ्या घरी यायचं तं पान्यानं ये. रस्त्यानं आलास तं काय बघितलंस?” नऊ वर्षांत हा रस्ता त्याने मला इतक्यांदा सांगितला होता की इथे कधी न येताही मला तो पाठ होता.

लाँचमध्ये शेजारी रिकामी टोपली घेतलेली एक मावशी बसली होती. मासळी विकून घरी निघालेली. हॉस्पिटलचा शिक्का बघून तिने विचारलं, “रिपोट हायत? कोनाचं?”

एवढी रामकहाणी कोण सांगणार? “माझेच,” मी म्हणालो.

ती लगेच उठली, टोपली पायाशी ओढली आणि सावलीतली स्वतःची जागा मला दिली. “बस हितं. भाईरचं काय खाऊ नको, घरचंच खा.” मी मुकाट्याने बसलो. दुसऱ्याच्या आजाराची सहानुभूती मी दुसऱ्यांदा खात होतो. रेवस येईपर्यंत मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

रेवसच्या जेट्टीवर उतरलो आणि डोळ्यांदेखत एसटी निघून गेली. मग मिनीडोर (सहा आसनी रिक्षा) पकडून हाडं खिळखिळी करत अलिबाग गाठलं, तिथून मुरूडची गाडी. रेवदंड्याच्या पुढे पूल लागतो, तिथे उजवीकडची खिडकी पकडायची असं शरीफभाईने बजावलेलं होतं. मी पकडली. खाडी समुद्राला मिळते ते पाणी अगदी त्याने सांगितलं होतं तसंच होतं, खाडीकडून मातकट आणि पलीकडे निळं. मला एकदम रडू आलं. पुढच्या बाकावरच्या पोरीने वळून बघितलं, तेव्हा मी चष्मा पुसण्याचं नाटक केलं.

मुरूडहून पुढे आगरदांड्याला पोचलो तेव्हा भूक लागली. मावशीची आज्ञा मोडून वडापाव खाल्ला. इथून पलीकडच्या दिघीला तर (खाडी ओलांडून नेणारी बोट) जाते. आता ती मोटारीही पोटात घेते. पूर्वी शिडाच्या होडीतून जावं लागे आणि शरीफभाईची आई प्रत्येक वेळी उलटी करायची, हेही मला ठाऊक होतं. पाण्यात उजव्या हाताला जंजिरा दिसत होता. लोक फोटो काढत होते. मी फाईल पोटाशी धरून बसलो, वाऱ्याने कागद उडाले तर काय घ्या.

दिघीहून रिक्षाने त्याच्या मोहल्ल्यात पोचलो तोवर उन्हं कलली होती. घरामागे वाडी (नारळ-सुपारीची बाग). काही वर्षांपूर्वीच्या चक्रीवादळात अर्धी झाडं गेली ती गेलीच; त्यांच्या जागी लावलेल्या सुपाऱ्या अजून माझ्या छातीएवढ्याही नव्हत्या. पडवीत खाटेवर कोणी म्हातारा पडला होता. त्याचे वडील असतील असं वाटून मी नमस्कार केला.

“साल्या, मला नमस्कार करतोस?” म्हातारा म्हणाला. तो शरीफभाई होता.

मी त्याचा हात धरला. हातात नुसती हाडं आली. चार महिन्यांत माणूस असा होतो हे कागदावर वाचून कळत नाही. तो मात्र चौकशीला लागला. पान्यानं आलास ना? उजवी खिडकी घेतलीस? मी हो म्हणालो तेव्हा त्याला फार बरं वाटलं.

जुबेदा वहिनींनी पदराला हात पुसले आणि फाईल दोन्ही हातांनी घेतली. “आलं बघा कागद,” त्या त्याला म्हणाल्या. “आता इलाज चालू व्हईल.” मग त्यांनी ती कपाटात, कुराणाच्या खालच्या फळीवर ठेवली. शरीफभाईने डोळे मिटून घेतले. जेवायला मला तांदळाची भाकरी आणि पापलेटचं कालवण होतं, त्याला चार चमचे पेज. वहिनी वाढत होत्या आणि तो “खा रे, खा” म्हणत होता, म्हणून खाल्लं.

सकाळी वहिनी आणि मी फाईल घेऊन श्रीवर्धनच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण डॉक्टर, बोलायला मऊ. त्यांनी एकेक कागद नीट वाचला, इथल्या तपासण्या शेजारी ठेवल्या.

“हे साळवी कोण?”

“मीच,” मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. मे महिन्यात गाठ लहान होती, ते म्हणाले, तेव्हा ऑपरेशन करता आलं असतं. तसा सल्लाही त्या कागदात लिहिलेला होता. आता ती यकृतापर्यंत गेली होती. आता दुखू नये एवढंच बघायचं.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. “म्हंजे कागदाचा काय उपेग न्हाय?” त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी मान हलवली. परतीच्या रिक्षात त्या एकदाच बोलल्या, “त्यांना सांगू नका हा, भाऊ.”

पण त्याला सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दुपारी वहिनी वाडीत शिपणं (बागेला पाणी देणं) करत होत्या. मी खाटेच्या कडेला बसलो आणि विचारलं, “शरीफभाई, तुला तिकडेच कळलं होतं. मला गॅस का सांगितलंस?”

“सांगितलं असतं तं तू काय केलं असतंस?”

“ॲडमिट केलं असतं तुला.”

“कोनाच्या नावावर?”

तो दम घेत घेत बोलला. “डाक्टर बोलला, मोठं आपरेशन हाय. मंजुरी लागंल, कागद कंपनीत जाईल. कागदावर नाव तुझं. मग साळवी आजारी हाय म्हनून तुला घरी धाडतील, न्हाय तं कार्ड दिलंस म्हनून धाडतील. तुझी पोरगी शिकते अजून. मी म्हटलं, चार म्हयन्यांत रजा हाय, घरी जाऊन करू. चार म्हयन्यांत काय व्हतंय?”

मला त्याचा संताप आला. नोकरी गेली असती खड्ड्यात, मी ओरडलो, तू मला विचारायचं तरी होतंस. वाडीत पाण्याचा आवाज थांबला. ओरडतानाच मला कळत होतं की त्याने विचारलं असतं तर मी लगेच हो म्हणालो नसतो. पोरीचं वर्ष डोळ्यांपुढे आलं असतं. एखादा दिवस तरी मी विचार केला असता. हे त्यालाही ठाऊक होतं, म्हणून त्याने मला तो विचार करायची वेळच येऊ दिली नाही.

“ओरडू नको,” तो म्हणाला. “जुबेदाला वाटंल आपलं भांडान झालं.”

तिसऱ्या दिवशी निघालो. रोठा जातीच्या सुपारीची पिशवी आणि दोन नारळ वहिनींनी माझ्या हातात दिले, मग कपाटातून फाईल आणली. “ही तुमी न्या. तुमच्या नावावर असला आजार, घरात ठेवू न्हये. फाडून टाका, भाऊ.” त्यांचं सगळं गेलं होतं, आणि काळजी त्या माझ्या नावाची करत होत्या. शरीफभाईने खाटेवरूनच हात वर केला. “डावी खिडकी घे आता,” तो म्हणाला. परत भेट होणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. तरी ‘येतो’ म्हटलं आणि निघालो.

रेवसहून लाँच सुटली. वहिनींनी सांगितलं होतं म्हणून मी फाईल काढली, पाण्यात नाही तर निदान धक्क्यावरच्या कचऱ्यात टाकू. रजा संपली की मी परत त्याच खोलीत जाणार आहे, त्याच कार्डावर. पोरीचं वर्ष अजून संपायचंय. शरम वाटते, पण जाणार आहे. पुन्हा कोणी पोट धरून कार्ड मागितलं तर देईन की नाही, ते आज सांगता येत नाही.

फाडण्याआधी शेवटचं पान बघितलं. ते मी आतापर्यंत वाचलं नव्हतं. त्यावर तारखा होत्या, ऑपरेशनआधीच्या भेटीच्या. तीन तारखा, आणि तिन्हींच्या पुढे इंग्रजीत एकच शेरा, त्याचं मराठी एवढंच: दिगंबर साळवी, रुग्ण आला नाही.

पहिली तारीख शुक्रवारची होती. तो शुक्रवार मला आठवतो. तिकडे आठवड्याची सुट्टी शुक्रवारी. शरीफभाईने खोलीत माझ्यासाठी सुरमई तळली, स्वतः वाटीभर पेज घेतली, आणि जेवताना मला रेवदंड्याचा पूल, उजवी खिडकी, दिघीची तर, सगळं पुन्हा एकदा सांगितलं. बायकोची आठवण येते म्हणून तुला जेवण जात नाही, असं म्हणून मी त्याला खूप चिडवलं होतं. तोही हसला होता.

फाईल मी फाडली नाही. भाऊचा धक्का आला तेव्हा ती माझ्या मांडीवरच होती.