मुद्दाम वाईट धुतलेला जिना

थॉर्नवेल इमारत एका दानशूर शेटजींनी लंडनच्या गरिबांसाठी बांधली, असं तिच्या फाटकावर कोरलेलं होतं. खरं सांगायचं तर बर्मंड्सीतल्या ज्या गल्लीतली घरं पाडून ती उभी राहिली, तिथल्या लोकांना तिच्यात थारा मिळाला नाही. खोली हवी तर कायमची नोकरी हवी, पोरांना देवी टोचलेल्या हव्यात आणि चालचलणुकीचा दाखला हवा. त्या गल्लीतली एकटी हेस्टर पेलिंग आत आली, तीही कातडी कमावण्याच्या कारखान्यातला पक्का कामगार नवरा केला म्हणून.

पिवळट विटांचे उंच मजले, चौकाकडे उघडे जिने, दर मजल्याला सामायिक मोरी, वर माळ्यावर धुणीघर. भिंतींना कागद चिकटवायचा नाही, त्यामागे ढेकूण होतात. खिडकीत कपडे वाळत घालायचे नाहीत. बाहेरचे लोक तिला तुरुंग म्हणत. म्हणेनात का! जुन्या गल्लीतल्या गढूळ पाण्याने हेस्टरची दोन भावंडं नेली होती. इथे नळ सोडला की स्वच्छ पाणी यायचं. पुढे नवरा गेला, तेव्हा पोरांना पोसायला ती कचेऱ्यांच्या फरश्या पुसायला लागली. पण खोली सोडली नाही.

शेजारच्या खोलीत केझाया डनमो राहायची. एकटी, तोंडाने फटकळ आणि आता डोळ्यांनी जवळजवळ आंधळी. नवरा गेला त्या आठवड्यात हेस्टरला अंथरुणातून उठवून तिच्या तोंडात चमच्याने वाटाण्याचं सार घालणारी हीच. "मरायचंय तर मर, पण भांडं रिकामं करून मर," असं तिने वर ऐकवलं होतं.

इमारतीचा नियम असा, की शनिवारी ज्या भाडेकरूची पाळी तिने जिना धुवायचा. ज्याला आपली पाळी जमत नाही तो स्वतःचं बघू शकत नाही, असं धरलं जायचं. आणि अशा म्हाताऱ्यांची वाट सरळ वर्कहाऊसला, म्हणजे निराधारांना डांबून राबवणाऱ्या सरकारी घराला, जायची. तिथला गणवेश घालायचा, तिथली पेज प्यायची, तिथेच मरायचं.

केझायाची पाळी हेस्टर करू लागली. पहाटे, क्रिब उठायच्या आत. क्रिब म्हणजे इमारतीचा व्यवस्थापक, जुना सार्जंट.

आता, नियमात फक्त 'धुवावा' एवढंच होतं. पण धुतल्यावर पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या दगडाने घासून उजळायच्या, ही बायकांची आपली रीत. त्यात प्रत्येकीचा हात वेगळा. त्याच मजल्यावरच्या फ्लो मॅडॉक्सची रेघ दारू प्यायल्यासारखी जायची. हेस्टर मात्र दोन्ही टोकांना रेघ हलकेच वळवून भिंतीपर्यंत न्यायची. केझायाच्या पाळीलाही तिने तेच केलं. हात ऐकतो थोडाच!

एका शनिवारी क्रिब जिन्यात थांबला. "मिसेस पेलिंग, आज पाळी कोणाची?"

"मिसेस डनमोंची."

"आणि ही वळणं?"

"मीच शिकवली त्यांना."

"ज्या बाईला दाराची कडी चाचपावी लागते, तिला?" तो खाली बघत म्हणाला. "पुढच्या खेपेला मी नीट पाहणार. मला पाहावंच लागतं."

फ्लो दारातून सगळं ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, "अगं बये, इतकं छान कशाला करायचं? माझ्यासारखं कर. माझ्या जिन्यावर आजवर कोणी संशय घेतलाय?"

केझायाला यातलं काही सांगायचं नाही, असं हेस्टरने ठरवलं. उगाच म्हातारी रात्रंदिवस झुरेल. केझायाच्या पुढच्या पाळीला तिने जिना वाईट धुतला. कोपऱ्यात चिखल राहू दिला, रेघा तुटक ओढल्या, एक कड तशीच सोडली. आयुष्यात तिला कुठलं काम इतकं जड गेलं नव्हतं. क्रिब आला, त्याने पाहिलं आणि वर निघून गेला. हेस्टरचा जीव भांड्यात पडला.

दुपारी केझाया मोरीकडे निघाली. पायाखाली माती खरखरली. ती वाकली, बोटांनी कड चाचपली, कोपऱ्यातला चिखल चिमटीत घेतला. तेवढ्यात खालून जाणारी एक बाई कुजबुजली, "डनमो बाईंचं झालं आता. जिना बघा कसा ठेवलाय." आंधळीचे कान तिखट.

केझाया मोरीकडे गेलीच नाही. कठडा धरून ती थेट क्रिबच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "जिना मी धुतला नाही. कितीतरी दिवस धुतलेला नाही. माझ्या नावावर असली घाण नको."

क्रिब संध्याकाळी हेस्टरकडे आला. टोपी हातात. "मी नव्हतं पाहिलं, मिसेस पेलिंग. डोळे उघडे असूनही मुद्दाम नव्हतं पाहिलं. पण तिने तोंडाने सांगितलं, तेही चार बायकांसमोर. आता मी काय करू?"

"माझ्याकडे राहू द्या तिला."

"तुमच्या खोलीत तुमचीच पोरं मावत नाहीत. नियम माझे नाहीत, बाई."

वर्कहाऊसची गाडी सोमवारी येणार होती. केझायाने गाडी नाकारली, पायीच जाईन म्हणाली. जिन्यावर बायका आपापल्या दारात उभ्या राहिल्या.  हेस्टरने म्हातारीचा दंड धरला. दोघी व्हिनेगरच्या कारखान्यावरून, कातड्यांच्या वासातून हळूहळू चालत राहिल्या.

वर्कहाऊसच्या भिंतीपाशी आल्यावर केझाया म्हणाली, "एक विचारू, पोरी? माझा कंटाळा आला होता का तुला?"

"म्हणजे?"

"तसा जिना तू कधी धुतलेला नाहीस. मला वाटलं, दमलीस. माझं ओझं झालं. म्हणून गेले मी क्रिबकडे."

हेस्टर थांबली. मग तिने सगळं सांगितलं. वळणं, क्रिबचा प्रश्न, मुद्दाम सोडलेली कड. आत घंटा वाजली, कोणीतरी अडसर काढला.

 केझायाने हेस्टरचा हात शोधला, सोड्याने फाटलेल्या बोटांवरून अंगठा फिरवला.

"मला सांगायचं होतंस गं," ती म्हणाली आणि दाराच्या दिशेने वळली.