गडग्यापलीकडचं इंग्रजी

आमचे इंग्रजीचे मास्तर दहावीचा क्लास घराच्या ओटीवर घेत. अंगणाच्या कडेला चिऱ्यांचा गडगा आणि त्याच्यापलीकडे सख्ख्या भावाची ओटी. गडग्यालगतच्या एका हापूसच्या कलमापायी दोघे भाऊ कोर्टात गेले होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते.

पुतणी मात्र आमच्यातच बसायची. रत्नागिरीत मास्तरांसारखं इंग्रजी कुणी शिकवत नाही, हे तिच्या बाबांनाही मान्य होतं. क्रियापदांचे काळ आले की मास्तर पुस्तक मिटत आणि तिलाच उठवत.

"ऊठ गो. 'माझे बाबा काकांचे आंबे चोरत असत.' इंग्रजीत सांग."

नाहीतर, "'माझे काका कितीतरी वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत आहेत.' हं, मोठ्याने!"

सुरुवातीला आम्ही हसायचो. ती मान खाली घालून सांगायची, पलीकडच्या ओटीवरून तिचे बाबा खाकरायचे आणि मास्तरांचा चेहरा खुलायचा. दोघा भावांत एवढंच काय ते बोलणं उरलं होतं.

त्या माघात तिचे बाबा गेले. मास्तरांनी खांदा दिला. सुतक फिटल्यावर क्लास पुन्हा सुरू झाला. आता तरी ते वाक्य बदलतील, असं आम्हाला वाटलं.

"ऊठ गो," मास्तर म्हणाले, "आंब्यांचं सांग."

तिने एकही चूक न करता सांगितलं. मास्तर गडग्याकडे कान लावून थांबले. पलीकडे कुणी खाकरलं नाही.

"मोठ्याने सांग गो," ते चिडून म्हणाले. "तिथवर पोचत नाही."